बॅटरी सोडल्यावर दोन कप

माझी गाडी नापास झाली, त्याच दिवशी माझ्या मुलानं मलाही नापास करून टाकलं. गाडीला निदान तपासणी केंद्रात नेऊन, उचलून, खालून टॉर्च मारून बघितलं होतं. मला इल्पोनं फोनवरच निकाली काढलं.

चूक माझीच. तोंडात तीळ भिजत नाही ना, मीच त्याला सांगितलं. म्हटलं, ब्रेक उत्तम, टायर उत्तम, गंजसुद्धा तपासणाऱ्या पोरीनं माफ केला, पण डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल दिवा विझत नाही आणि हॉर्न मुका झालाय, म्हणून शिक्का मिळाला नाही. इल्पो औलू शहरात नळजोडणीचं काम करतो. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याचं आयुष्य दुरुस्त करायची त्याला भारी हौस. तो म्हणाला, आई, आता पुरे झालं. आणि आठवड्याच्या आत त्यानं काजानीला माझ्यासाठी फ्लॅट बघूनसुद्धा टाकला. दुसरा मजला, लिफ्ट, काच लावलेली बाल्कनी, खाली दुकान. फ्लॅट देणाऱ्या तिथल्या बाईला तो म्हणे ‘जवळपास हो’ म्हणून बसला होता. जवळपास! माझ्या घराबद्दल, मला न विचारता.

इथं गाडी नाही म्हणजे घर नाही, हे त्यालाही माहीत आहे. आमच्या वाडीची बस बंद होऊन जमाना झाला. दुकान, दवाखाना, चर्च, सगळं जंगलापलीकडे कुहमो गावात. पंधरवड्यातून एकदा फिरत्या वाचनालयाची बस येते तेवढीच. ती बस मी स्वतः सव्वीस वर्षं चालवली. बर्फात रुतली की मीच ढकलली, बंद पडली की मीच खाली शिरले. आणि आता मला म्हणे लिफ्टमध्ये उभं राहून बटण दाबायचं.

दिवा आणि हॉर्न एकदमच गेले म्हटल्यावर दुखणं कुठं आहे हे मला गाडीतून उतरायच्या आधीच कळलं होतं. स्टिअरिंगच्या पोटात एक चपटी पट्टी गुंडाळलेली असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. चाक फिरलं की तीही उलगडते, गुंडाळते, आणि हॉर्नची आणि एअरबॅगची वीज तिच्यातूनच जाते. इतकी वर्षं डावीकडे-उजवीकडे वळून ती बिचारी तुटली. दोष तेवढाच. पण तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी स्टिअरिंगवरची एअरबॅग उतरवावी लागते, आणि तिथंच सगळ्यांचे पाय लटपटतात.

कुहमोच्या गॅरेजवाल्यानं हात वर केले. म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीची एअरबॅग मी उघडत नाही, नवीन भाग मिळत नाही, जुना लावला तर हमी कोण देणार. त्याचंही बरोबर होतं, मी भांडले नाही. तलावापलीकडचा तौनो मात्र मदतीला धावून आला. त्याच्याकडे तोडगा होता: एअरबॅगच्या दिव्याची वायर तेलाच्या दिव्याला जोडायची. किल्ली फिरवली की दोन्ही लागतील, इंजिन चालू झालं की दोन्ही विझतील, तपासणारा खूश. गावातल्या निम्म्या गाड्या अशाच पास झाल्यात, असं तो छाती फुगवून सांगत होता.

मी त्याला म्हटलं, “तौनो, दिव्याला खोटं बोलायला शिकवशील. पण समोर मूस आला की त्याला कोण शिकवणार?”

मूस म्हणजे घोड्याहून उंच, धिप्पाड हरीण; आमच्या रस्त्यावर संध्याकाळी तो उभा राहिला की बॉनेटसमोर नुसते पायच दिसतात, धड वर काचेपाशी असतं. त्या वेळी ती पिशवी फुगली पाहिजे, दिवा विझलेला असून काय उपयोग? तौनो तोंड वाकडं करून गेला. जाता जाता म्हणाला की म्हातारपणी माणूस हट्टी होतो. मी त्याला सांगितलं की मी तरुणपणीही अशीच होते, रेइनोला विचारायचं असेल तर दफनभूमीत जाऊन ये.

रेइनो म्हणजे माझा नवरा. नगरपालिकेच्या डेपोत मेकॅनिक होता. मी बस चालवायची, तो दुरुस्त करायचा, आणि पुढं पुढं कोण काय करतंय हे आम्हालाही सांगता येईना. भंगारवाल्याकडून तसल्याच गाडीची चांगली पट्टी मी मागवून घेतली आणि शनिवारी कामाला लागायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी इल्पो आला. थंडी अशी की नाकातले केस कडकडत होते. त्यानं डिकी उघडली आणि मी बघतच राहिले. डिकीभर रिकामे खोके. भांडी, पुस्तकं, कपडे, असं त्यांच्यावर लिहूनसुद्धा आणलं होतं पठ्ठ्यानं.

माझं डोकं असं सणकलं की थंडी पळाली. मी म्हटलं, हे परत आत ठेव, माझ्या अंगणात उतरवायचं नाही. तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला, आणि तो सूर मला शिवीपेक्षा जास्त झोंबतो. आई, तू एकटी. आई, अंगणात घसरलीस तर. आई, ती एअरबॅग म्हणजे अक्षरशः बारूद आहे, एका माणसाचा हात मोडल्याचं मी वाचलंय. मी म्हटलं, बारूद आहेच, म्हणून तर ती कामाची. आणि तुझ्या गाडीतही तीच घेऊन तू औलूहून इथवर आलास.

शेवटी सौदा ठरला. संध्याकाळपर्यंत दिवा विझला तर खोके आले तसे परत जातील आणि त्या काजानीच्या बाईला तो स्वतः ‘नाही’ कळवेल. दिवा नाही विझला तर मी मुकाट्यानं फ्लॅट बघायला जाईन आणि सही करीन. तो हसला, इतका सहज हसला की त्याला हरायची भीतीच नव्हती. मी मनात म्हटलं, हस बाबा, घोडामैदान जवळच आहे.

गाडी शेडमध्ये होती. आधी मी भिंतीतून येणारी वायर काढली. आमच्याकडे हिवाळ्यात गाडी उभी केली की गुरांना दावणीला बांधावं तशी तिला वायर लावायची, म्हणजे इंजिन ऊबेत राहतं आणि बॅटरीही चार्ज होत राहते. ती वायर काढून खिळ्याला टांगली. चाकं सरळ केली, किल्ली एक घर फिरवून ठेवली, कारण स्टिअरिंग मोकळं असल्याशिवाय मागचे स्क्रू हाताला लागत नाहीत. मग बॅटरीची काळी वायर सोडली आणि तिच्या तोंडावर रेइनोचा जुना लोकरी मोजा चढवला, चुकून परत टेकायला नको म्हणून. एवढं केलं आणि इल्पोला म्हटलं, चल कॉफीला.

त्याला वाटलं मी टाळतेय. पण ही कॉफी म्हणजे कामाचाच भाग. बॅटरी सोडली तरी एअरबॅगच्या डबीत थोडी वीज साठून राहते, अपघातात बॅटरीच तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून केलेली सोय ती. ती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. थांबायचं म्हटलं की माणसाचे हात शिवशिवतात, म्हणून रेइनोनं नियमच घालून दिला होता: बॅटरी सोडल्यावर दोन कप. पहिला कप पुस्तकात लिहिलंय म्हणून, दुसरा आपला जीव आपल्याला प्यारा आहे म्हणून.

पहिला कप फ्लॅटच्या गुणगानात गेला. मी पुल्ला, आमचा वेलचीचा गोड पाव, कापून दिला, त्यानं खाल्ला, आणि तोंडात घास असतानाच बाल्कनीत टोमॅटो लावता येतील असं म्हणाला. दुसरा कप ओतला तेव्हा तो उठला, म्हणाला चुलीपाशी लाकडं कमी दिसतात, घेऊन येतो. गेला, आला, लाकडं रचली, हात चोळले. कामसू आहेच तो लहानपणापासून, न सांगता करतो. मला बरंसुद्धा वाटलं.

कप संपवून मी शेडमध्ये गेले. अंगातलं फ्लीसचं जाकीट बाहेरच काढलं, कारण कोरड्या थंडीत ते चटचट ठिणग्या मारतं. कामाच्या टेबलावरच्या लोखंडी शिकंज्याला उघडा हात लावला, अंगातली वीज तिथं उतरवली. मग गाडीचं दार उघडलं. समोर बसले नाही, बाजूनंच वाकले, डोकं चाकापासून लांब ठेवलं आणि लांब स्क्रू-ड्रायव्हर चाकाच्या मागं घातला. पहिल्या स्क्रूची खाच टोकाला लागली.

तेवढ्यात मी श्वास सोडला. आणि माझ्या तोंडातून निघालेली वाफ मला पिवळी दिसली.

शेडमध्ये उजेड होता तो उघड्या दारातून येणारा बर्फाचा, निळसर. माझा डोक्यावरचा दिवा मी अजून लावला नव्हता. मग पिवळं काय? हात तसाच ठेवून मी डोळे वर केले. गाडीच्या छतातला दिवा लागला होता. आणि खाली डॅशबोर्डवर तो लाल दिवा, बॅटरीची वायर मोज्यात असताना, माझ्याकडे टक लावून बघत होता.

अगं बाई, मी स्वतःलाच म्हटलं, हेल्वी, आता घाई करू नकोस. स्क्रू-ड्रायव्हर आला तसा मागं घेतला, कशालाही टेकू न देता. बाहेर आले. बॉनेटपाशी जाऊन बघितलं. मोजा जागच्या जागी, काळी वायर सुटलेली. मग नजर खाली गेली. खिळ्याला टांगलेली वायर खिळ्याला नव्हती. ती भिंतीतून निघून गाडीच्या नाकात नीट खोचलेली होती.

बॉनेटखालच्या चार्जरच्या दोन तारा रेइनोनंच वर्षांपूर्वी बसवल्या होत्या, त्या बॅटरीला नाही, बॅटरीच्या वायरींच्या तोंडांना कसून. म्हणजे मी बॅटरी सोडली तरी भिंतीतली वीज चार्जरमधून थेट गाडीत शिरत होती. मोजा घातलेलं ते तोंड आतून जिवंत होतं. आणि ओसरलेली ती डबी, आम्ही दुसरा कप पीत असताना, पुन्हा भरून तयार बसली होती.

मी वायर उपटली आणि हाक मारली. इल्पो दारात आला. मी वायरचं टोक त्याच्यासमोर धरलं.

“मीच लावली,” तो म्हणाला. “खिळ्यावर दिसली. एवढ्या थंडीत बॅटरी मरेल म्हणून.”

बापाचं पोर. चालायला लागल्यापासून त्याला तेच शिकवलेलं: गाडी थांबली की आधी वायर, मग घर. आमच्याकडच्या कुणीही लावली असती, झोपेतसुद्धा लावली असती. मी त्याला नळाच्या भाषेत सांगितलं. म्हटलं, तळघरातला कॉक बंद करून तू वर पाइप कापायला घेतलास, आणि कुणी भला माणूस खाली जाऊन, अरेरे, घरात पाणी नाही, म्हणून कॉक उघडून आला, तर तू काय म्हणशील? त्यानं माझ्या दुसऱ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर बघितला, मग गाडीचं स्टिअरिंग बघितलं, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. लाकडाच्या ओंडक्यावर तो मटकन बसला.

तिथूनच त्यानं जुनीच कॅसेट लावली. “बघितलंस ना? म्हणून म्हणतो मी. म्हणून तू एकटी राहू नयेस.”

आता मात्र माझा तोल गेला, आणि गेला तेच बरं झालं.

“इल्पो, मी एकटी असते तर काहीही झालं नसतं,” मी म्हटलं. “मी वायर काढली होती. मी मोजा घातला होता. मी दोन कप थांबले होते. या घरात आज एकच धोका आला, तो खोके घेऊन आला. माझ्या काळजीपोटी आला, मला ठाऊक आहे. पण विचारून आला नाही.”

तो ओंडक्यावरून उठलाच नाही. मान खाली घालून बसला. एवढा पन्नाशीला टेकलेला माणूस, त्याच्या पापण्यांवर दव गोठलं होतं. आपलं दव म्हणायचं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण बोललेलं मी मागं घेतलं नाही. चूक माझीही होती, तीही सांगून टाकली: वायर खिळ्याला टांगून भागत नाही, ती काढणाऱ्याच्या खिशात असायला हवी. चार्जरच्या तारा नट सोडून वेगळ्या केल्या, भिंतीतली वायर पुरती काढली, गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, ही घेऊन बस. काम होईपर्यंत सोडायची नाही, मी मागितली तरी द्यायची नाही.

मग परत दोन कप. या वेळी थर्मास शेडमध्येच आणला. इल्पो वायर मांडीवर घेऊन बसला, दुसऱ्याचं तान्हं मूल धरावं तसा अवघडून. फ्लॅटचं नाव त्यानं काढलं नाही. बाबांनी हा नियम कधी केला, असं विचारलं, आणि मी सांगितलं, हे नियम भीतीचे नसतात रे, आपण उद्याही काम करणार आहोत म्हणून असतात.

नंतरचं काम सरळ होतं. चाक पाव वळण फिरवून एक स्क्रू, उलट फिरवून दुसरा. एअरबॅग सुटली, तिच्या मागची जोडणी काढली. पावाच्या लादीएवढं वजन. तोंड माझ्यापासून बाहेरच्या बाजूला धरून मी ती टेबलापाशी नेली. इल्पो लगबगीनं फडकं पसरायला लागला, वरचं कातडं घासू नये म्हणून ती पालथी ठेवूया म्हणाला. मी म्हटलं, पालथी ठेवली आणि उडाली तर ती स्वतःच छपराला जाऊन भिडेल. तिचं तोंड नेहमी आकाशाकडे. आणि तिच्यावर वाकून बघायचं नाही, मीटर तर अजिबात लावायचा नाही. त्यानं फडकं घडी करून खिशात घातलं आणि दोन पावलं मागं सरला.

मग मधला नट सोडून चाक काढलं आणि जुनी पट्टी निघाली. मधोमध तुटलेली, केसाएवढी चीर. भंगारातून आणलेली बसवली, ती मधल्या घरातच राहावी म्हणून लावलेली चिकटपट्टी शेवटी काढली, चाक आणि एअरबॅग परत जागेवर कसली. आता खरी परीक्षा. किल्ली बंद केली. गाडीत कुणी नाही हे बघितलं, इल्पोला दाराबाहेर उभं केलं, मगच बॅटरी जोडली. नंतर दाराच्या खांबाआड उभं राहून फक्त हात आत घातला आणि किल्ली फिरवली.

लाल दिवा लागला. आम्ही दोघं बघत राहिलो. तो जळतच राहिला, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती काचेची बाल्कनी, तिच्यातले टोमॅटो, लिफ्टचं बटण, सगळं येऊन गेलं. माझं घर त्या वाटाण्याएवढ्या दिव्यात अडकलं होतं. मी हात काढला नाही.

मग तो विझला.

मी गाडीत बसले, आता बसायला हरकत नव्हती, आणि हॉर्न दाबला. नुसता पीप करून सोडला नाही. तळवा ठेवला आणि दाबूनच धरला. तलावावरून आवाज गेला, पलीकडे तौनोचा कुत्रा भुंकायला लागला, छपरावरचा बर्फ भुरभुरला. इल्पोनं कानांवर हात ठेवले होते आणि तो हसत होता, सकाळसारखा नाही, लहानपणी हसायचा तसा. पुरे ना आई, म्हणाला. मी म्हटलं, अजून नाही.

फोन त्यानं माझ्यासमोरच केला. काजानीच्या बाईला म्हणाला, आई येणार नाही. पलीकडून तिनं काहीतरी विचारलं असावं. तो म्हणाला, नाही, तिची तब्येत उत्तम आहे, तोच तर प्रॉब्लेम आहे.

सोमवारपर्यंत तो राहिला. तपासणी केंद्रात माझ्या शेजारी बसून आला, वाटेत एकदाही ‘हळू’ म्हणाला नाही, फक्त पाय पुढं रोवून धरले होते. त्या पोरीनं दिवा बघितला, हॉर्न वाजवायला सांगितला. इल्पो चटकन म्हणाला, थोडाच हं आई. शिक्का मिळाला.

घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. मी गाडी शेडमध्ये लावली आणि पिशवी घेऊन घराकडे निघाले. पायरीपाशी पोचले तरी मागून पावलं ऐकू येईनात, म्हणून वळले. इल्पो शेडच्या दारात उभा होता. थंडी कडक पडायला लागली होती. वायर त्याच्या हातात होती, टोक गाडीपासून वीतभर लांब.

“आई,” त्यानं विचारलं, “लावू का?”

मी पिशवी पायरीवर ठेवली.

“विचारलंस ना,” मी म्हटलं. “मग लाव.”